मेल्टडाऊन व स्पेक्टर : प्रोसेसरांतील दोष आणि शेतकऱ्यानें घ्यावयाची खबरदारी

सात-बाराचा उतारा, पीकपाहणीची नोंद, बँकेंतील शिल्लक, सोसायटीचें कर्जखातें, या सर्व गोष्टी आतां संगणकाच्या किंवा खिशांतील फोनच्या पोटांत असतात. या यंत्रांबद्दल आमच्या वाचकांची एक तक्रार वारंवार कानीं येते. मधून मधून तीं 'अपडेट' मागतात, कामाच्या ऐन वेळीं अडून बसतात, आणि पुन्हां सुरू झालीं म्हणजे कित्येकदां पहिल्यापेक्षां सावकाश चालतात. तेव्हां चांगलें चालणारें यंत्र दुरुस्तीच्या नांवाखालीं मंद करून घेण्यापेक्षां हें अपडेट कायमचेंच बंद कां ठेवूं नये, असा प्रश्न आम्हांस विचारला जातो.

प्रश्न रास्त आहे, आणि 'तज्ज्ञ सांगतात म्हणून करा' एवढ्या उत्तरानें भागणार नाहीं. जो शेतकरी बियाणें घेतांना आधीं त्याची उगवण तपासून पाहतो, त्यास कारणच सांगितलें पाहिजे. तें कारण समजण्यास २०१८ सालीं जगजाहीर झालेल्या दोन दोषांची हकीकत फार उपयोगी आहे. या दोषांचीं नांवें मेल्टडाऊन व स्पेक्टर. त्यांवरील दुरुस्तीनें यंत्रें मंद झालीं ही तक्रार त्या वेळीं खरी होती. आणि खरी असूनहि ती दुरुस्ती करून घेणेंच शहाणपणाचें होतें. असें कां, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

दोष कसा उघडकीस आला

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या सिलिकॉनच्या चकतींत तो मावतो, आणि यंत्रांतील सर्व हिशेब व हुकूम त्याच्यांतूनच जातात. इंटेल, एएमडी व आर्म या कंपन्यांच्या आराखड्यांवर बांधलेले प्रोसेसर जगांतील बहुतेक संगणकांत व फोनांत आहेत. गूगलच्या सुरक्षा-संशोधन पथकांतील यान हॉर्न यांस या प्रोसेसरांत एक चमत्कारिक गळती आढळली, आणि ता. १ जून २०१७ रोजीं ती वरील कंपन्यांस कळविण्यांत आली. अमेरिकेंतील पॉल कोचर, ऑस्ट्रियांतील ग्राट्झ येथील तंत्रविद्यापीठाचे संशोधक व जर्मनींतील एक मंडळी याच शोधावर स्वतंत्रपणें येऊन पोंचलीं. ग्राट्झचे डॅनियल ग्रुस यांनीं डिसेंबर २०१७ मध्यें आपल्या स्वतःच्याच संगणकावर प्रयोग करून पाहिला, तेव्हां कुलुपांत असावयाचा खाजगी मजकूर त्यांच्या डोळ्यांसमोर ओळीनें उमटूं लागला.

गोदामाच्या भिंतीस भोंक पडलें असल्याचें कळलें म्हणजे शहाणा मनुष्य तें बुजविण्यापूर्वीं गांवभर दवंडी पिटीत नाहीं. त्याच न्यायानें ही गोष्ट सहा-सात महिने गुप्त ठेवून दुरुस्तीचें काम चालू होतें. ता. ९ जानेवारी २०१८ रोजीं ती प्रसिद्ध करावयाची होती. परंतु आधींच कुणकुण पसरल्यामुळें ता. ३ रोजींच जाहीर करावी लागली.

घाईचा गडी

आतां हा दोष काय आहे तें पाहूं. साधारण प्रोसेसराचे एका सेकंदांत तीनशें कोटींच्या आसपास ठोके पडतात. परंतु ज्या स्मृतींत मजकूर सांठविलेला असतो ती मेमरी इतकी चपळ नाहीं. तेथून एक आंकडा आणावयाचा तर दोनशेंच्या वर ठोके वायां जातात. म्हणून प्रोसेसराच्या अगदीं जवळ एक लहानशी, जलद स्मृति ठेवलेली असते. तिला 'कॅश' म्हणतात. (या शब्दाचा रोख पैशाशीं कांहीं संबंध नाहीं.) नुकताच लागलेला मजकूर कॅशमध्यें राहतो, व तो पुन्हां लागला तर चार-पांच ठोक्यांतहि मिळूं शकतो.

तरीहि वाट पाहण्याचे प्रसंग येतातच, आणि तेवढा वेळ रिकामें बसूं नये म्हणून प्रोसेसरास एक संवय लावलेली आहे. ती समजण्यास आपण मळ्यांतील पाणी पाजण्याचें उदाहरण घेऊं. मालक विहिरीपाशीं आहे व दारें धरणारा गडी मळ्याच्या दुसऱ्या टोंकास आहे. एक वाफा भरत आला कीं पुढें कोणत्या वाफ्यास पाणी द्यावें हें विचारण्यास गडी विहिरीपर्यंत चालत गेला, तर तोंपर्यंत पाणी पाटांतून वाहून जाईल. म्हणून हुशार गडी अंदाजानें पुढच्या वाफ्याचें दार आधींच उघडतो. अंदाज बरोबर ठरला तर वेळ वांचला. चुकला तर तो तें दार मातीनें बुजवितो व पाणी योग्य वाफ्याकडे वळवितो. प्रोसेसर हेंच करतो. हुकूम पक्का होण्यापूर्वींच तो पुढचें काम अंदाजानें करून ठेवतो, आणि अंदाज चुकल्यास तें काम रद्द करून हिशेब जसाचा तसा पूर्ववत् करतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणक इतके जलद झाले, त्यास हा घाईचा गडी बऱ्याच अंशीं कारण आहे.

रद्द केलेल्या कामामुळें उत्तर कधींहि चुकत नसे. म्हणून आराखडे करणारांस वाटलें कीं, रद्द केलेलें काम म्हणजे न केलेलेंच काम. चूक झाली ती येथें. दार बुजविलें तरी वाफ्यांत शिरलेलें पाणी परत निघत नाहीं. माती ओली राहते.

ओला वाफा काय सांगतो

समजा, मळ्यांतील खोपटांत मालकाची एक खाजगी वही आहे. ती मालकाच्या परवानगीवांचून कोणीं वाचूं नये असा नियम आहे. पण मालकास ती घडोघडीं लागते, म्हणून ती जवळच, खोपटांत, ठेवलेली आहे. मळ्यांत एक परका रोजंदार कामास आला आहे. तो गड्यास सांगतो, "वहीच्या पहिल्या ओळींत जो आंकडा असेल, त्या नंबरच्या वाफ्यास पाणी दे." गड्यानें खरें म्हणजे आधीं मालकाची परवानगी विचारावयाची. पण घाईच्या संवयीनें तो एकीकडे निरोप पाठवितो व दुसरीकडे वही पाहून त्या वाफ्याचें दार उघडूनहि मोकळा होतो. इतक्यांत मालकाचा निरोप येतो कीं, परवानगी नाहीं. गडी प्रामाणिक आहे. तो दार बुजवितो, वही मिटतो, आणि आंकड्याविषयीं अवाक्षर बोलत नाहीं. पण रोजंदारास त्यानें बोलण्याची गरजच नाहीं. तो अनवाणी पायांनीं एकामागून एक वाफे तुडवीत जातो. सगळे कोरडे; एक तेवढा ओला. त्या वाफ्याचा नंबर ११५ असेल, तर वहींतील आंकडा ११५ होता. मग तो दुसऱ्या ओळीचा आंकडा विचारतो, नंतर तिसरीचा.

संगणकांत नेमकें हेंच घडतें. त्यांतील सर्व मजकूर ० ते २५५ या आंकड्यांच्या सांखळींत लिहिलेला असतो. म्हणून चोरास २५६ वाफे पुरतात. पायास लागणाऱ्या ओलीच्या जागीं तेथें वेळेचें मोजमाप असतें. जो मजकूर नुकताच कॅशमध्यें आला आहे तो चटकन् मिळतो, बाकीचा उशिरानें. चटकन् मिळाला तोच ओला वाफा. या रीतीनें प्रयोगशाळेंत सेकंदास ५०३ किलोबाइटपर्यंत, म्हणजे पांच लाखांवर आंकडे, वाचून दाखविण्यांत आले. सामान्य कार्यक्रमास ज्या भिंतीपलीकडे पाहण्याची मनाई, ती भिंतच वितळून गेल्यासारखी झाली. म्हणून या दोषास मेल्टडाऊन हें नांव पडलें. तो मुख्यतः इंटेलच्या प्रोसेसरांत होता. शोधकांच्या मतें १९९५ पासूनच्या त्यांच्या बहुतेक नमुन्यांत तो संभवत होता. एएमडीचे प्रोसेसर त्यापासून मुक्त होते.

वळण लावलेला बैल

दुसरा दोष स्पेक्टर. हा अधिक व्यापक आहे. इंटेल, एएमडी व आर्म या तिघांच्याहि प्रोसेसरांत तो सांपडला. याचें बीज अंदाज बांधण्याच्या पद्धतींतच आहे. बाजाराहून रात्रीं परततांना गाडीवान झोंपला तरी बैल फांट्यावर संवयीनें घराकडे वळतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. प्रोसेसरहि पूर्वीं ज्या फांट्यावर जिकडे वळला, तिकडेच पुन्हां वळावयाचें असें गृहीत धरून पुढें जातो. आतां एकाद्या लबाडानें तोच बैल दहा-वीस दिवस उसना नेला व त्या फांट्यावर त्यास दरवेळीं आपल्या खळ्याकडे वळण्याची संवय लावली, तर पुढें एके रात्रीं मालकाची भरली गाडी झोंपलेल्या गाडीवानासह त्या लबाडाच्या खळ्याकडे वळेल. गाडीवान जागा होऊन गाडी परत फिरवील हें खरें; पण चाकोरी उमटलेली राहील. स्पेक्टरमध्यें परका कार्यक्रम प्रोसेसराच्या अंदाजास असेंच खोटें वळण लावतो, आणि निर्दोष असलेल्या दुसऱ्या कार्यक्रमाच्या हातून त्याचेंच गुपित उघडें पाडतो.

बैलाची संवय मोडल्याशिवाय हा दोष समूळ जात नाहीं, आणि संवय मोडली तर वेग जातो. म्हणून हें भूत बराच काळ मानगुटीस राहील, अशा अर्थानें शोधकांनीं त्यास स्पेक्टर, म्हणजे पिशाच्च, हें नांव दिलें. तें भाकीत खरें ठरलें आहे. याच कुळांतील नवे दोष ऑगस्ट २०१८, मे २०१९, ऑगस्ट २०२३ असे पुढेंहि उघडकीस येत राहिले.

येथें एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जे साधे, स्वस्त प्रोसेसर अंदाजानें फार पुढें धांवतच नाहींत, त्यांस या दोन दोषांची बाधा झाली नाहीं. कॉर्टेक्स-ए५३ हा त्यांपैकींच एक, व पुष्कळ कमी किंमतीच्या फोनांत तोच होता. म्हणजे श्रीमंताचें महागडें यंत्र सांपडलें आणि गरिबाचा धिमा फोन सुटला, असाहि प्रकार घडला.

धोका कोणास व किती

हे दोष वाचूं शकतात, लिहूं शकत नाहींत. त्यांच्या योगानें आपल्या सात-बारावरील नांव बदलतां येत नाहीं कीं खात्यांतील रक्कम थेट हलवितां येत नाहीं. परंतु बँकेचा परवलीचा शब्द जर वाचला गेला, तर पुढील काम चोर सरळ दारांतून येऊन करूं शकतो. दुसरें असें कीं, चोराचा कार्यक्रम प्रथम आपल्या यंत्रांत शिरला पाहिजे. रोजंदार मळ्यांत आलाच नाहीं तर तो वाफे तुडविणार कोठून? मात्र इंटरनेटवरील पान उघडलें कीं त्याच्याबरोबर लहानसे कार्यक्रम आपल्या ब्राउझरमध्यें चालूं लागतात, आणि स्पेक्टरचा प्रयोग तेवढ्यावरहि करून दाखविण्यांत आला होता. म्हणून 'आम्हीं कांहींच उतरवून घेतलें नाहीं' एवढ्यावर निर्धास्त राहतां येत नाहीं.

सर्वांत मोठा धोका भाड्याच्या संगणकांस होता. हल्लीं पुष्कळ संस्था आपलें दप्तर स्वतःच्या यंत्रावर न ठेवतां मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रागारांत ठेवतात, यास क्लाऊड म्हणतात. तेथें एकाच यंत्रावर अनेक गिऱ्हाइकांचीं खातीं, सार्वजनिक गोदामांतील निरनिराळ्या शेतकऱ्यांच्या थप्प्यांप्रमाणें, शेजारीं शेजारीं असतात. मधली भिंत वितळली तर शेजाऱ्याची थप्पी दिसूं लागणार. त्यामुळें या यंत्रागारांची दुरुस्ती सर्वांच्या आधीं हातीं घेण्यांत आली.

दुरुस्ती व तिची किंमत

सिलिकॉनच्या चकतींत कोरलेला आराखडा घरबसल्या बदलतां येत नाहीं. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्ट केंद्रानें तर पहिल्या दिवशीं 'प्रोसेसरच बदला' असा सल्ला दिला होता. पुढें तो बदलून 'दुरुस्त्या चढवा' असा केला. कारण मेल्टडाऊनवर एक साधी तोड निघाली. ग्राट्झच्या संशोधकांनीं दुसऱ्याच एका कारणासाठीं २०१७ सालीं ती सुचविली होती. तिचें सार असें : मालकाची वही खोपटांत ठेवूंच नये, ती उचलून वाड्यांत न्यावी. मग घाईच्या गड्यानें पाहावयाचें म्हटलें तरी मळ्यांत वहीच नाहीं. विंडोज, लिनक्स वगैरे सर्व प्रमुख प्रणालींनीं ही तोड स्वीकारली.

पण आतां खुद्द मालकास वही लागली कीं दरखेपेस वाड्यापर्यंत जावें लागतें. यंत्र मंद झालें तें या खेपांमुळें. आरंभीं हा तोटा कामाच्या प्रकाराप्रमाणें शेंकडा ५ ते ३० पर्यंत जाईल असा अदमास वर्तविला गेला. घरगुती कामांत तो बहुधा अल्प ठरला. ज्यांस वही वारंवार लागते अशा मोठ्या हिशेबी यंत्रांस तो अधिक जाणवला. ब्राउझर तयार करणारांनीं निराळीच युक्ति केली. चोरास ओल ओळखावयास अति सूक्ष्म घड्याळ लागतें. तेव्हां फायरफॉक्सनें जानेवारी २०१८ मध्यें आपलें घड्याळ मुद्दाम बोथट करून २० मायक्रोसेकंदांवर आणलें. पायांत जाड वहाणा घातल्यावर ओला व कोरडा वाफा सहज ओळखतां येत नाहीं, तसेंच हें. २०१८ च्या अखेरीपासून बाजारांत आलेल्या इंटेलच्या नव्या प्रोसेसरांत मेल्टडाऊनचा बंदोबस्त चकतींतच होऊं लागला.

दुरुस्त्या निर्दोष होत्या असें मात्र नव्हे. कांहीं जुन्या एएमडी यंत्रांवर मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती चढविल्यावर तीं सुरूच होईनात, म्हणून ती कांहीं दिवस थांबवावी लागली. इंटेलच्या एका दुरुस्तीनें यंत्रें आपोआप बंद पडून पुन्हां सुरू होऊं लागलीं, तेव्हां ता. २२ जानेवारी २०१८ रोजीं ती तूर्त वापरूं नका असें खुद्द कंपनीनेंच कळविलें. शिवाय संधिसाधू लोकहि पुढें सरसावले. जर्मनींत सरकारी सुरक्षा खात्याच्या नांवानें खोटीं पत्रें निघालीं. त्यांतून 'दुरुस्ती' म्हणून जें पाठविलें जात होतें तें चोराचेंच हत्यार होतें.

आपण काय करावें

वरील हकीकतीवरून आमच्या वाचकांस पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. अपडेट कायमचें बंद ठेवूं नये. कामाच्या वेळीं अडचण होत असेल तर रात्रीची वेळ नेमून द्यावी, म्हणजे सकाळीं यंत्र तयार मिळेल.

२. मोठें अपडेट करण्यापूर्वीं खातेवह्यांची एक प्रत वेगळ्या ठिकाणीं काढून ठेवावी. दुरुस्ती बिघडली तरी दप्तर बुडणार नाहीं.

३. अपडेट यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगमधूनच घ्यावें. पत्रांतून, व्हॉट्सॲपवरून किंवा अनोळखी माणसाच्या फोनवरून आलेली 'दुरुस्ती' कितीहि निकडीची वाटली तरी घेऊं नये.

४. ब्राउझर जुना राहूं देऊं नये. बाहेरचा मजकूर घरांत येण्याचा तो मुख्य दरवाजा आहे.

५. सोसायटीच्या हिशेबाच्या संगणकावर खेळ, सिनेमे व परक्यांचे पेनड्राइव्ह यांस मज्जाव असावा. परक्या कार्यक्रमास आंत पाऊल ठेवूं न देणें हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

६. ज्या यंत्रास दुरुस्त्या मिळणें थांबलें आहे त्यावर बँकेचा व्यवहार करूं नये. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत मुदत ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली आहे; ज्या कचेऱ्यांतून ती अजून चालू आहे त्यांनीं वाढीव दुरुस्त्यांची सोय करावी किंवा नवी प्रणाली बसवावी. नवा फोन घेतांना कॅमेऱ्याची चौकशी करावी तशी 'सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षें मिळणार?' हीहि चौकशी करावी.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. दुरुस्तीनें यंत्र मंद होतें म्हणून ती टाळावी काय? जो वेग आपण गमावला असें वाटतें, त्यांतील कांहीं भाग मुळांत वही उघड्यावर ठेवून मिळविलेला होता. तो आपला हक्काचा नफा नव्हता. कुंपण न घालतां वांचविलेल्या खर्चासारखा होता. आणि एकट्याच्या घरापुरती गोष्ट असती तर ज्यानें त्यानें आपापला विचार केला असता. सोसायटीच्या संगणकांत मात्र सर्व सभासदांचीं कर्जखातीं, ठेवी व ओळखीचे आंकडे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांनीं तें यंत्र डोळ्यांनीं पाहिलेलेंहि नाहीं. त्यांच्या वतीनें थोडा उशीर सोसणें हें चालकांचें कर्तव्य आहे. येत्या वार्षिक सभेपूर्वीं प्रत्येक सोसायटीनें आपल्या कचेरींतील यंत्रावर शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेस चढली हें पाहून घ्यावें, आणि ती तारीख अहवालांत सभासदांस सांगावी, अशी आमची विनंती आहे.